गीताआधी कवीचे नाव

नेरच्या जयंतीत वामनदादा कर्डकांचे गीत आम्ही दरवर्षी ऐकतो. गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण कवीचे नाव राहून जाते.

दादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मले. निरक्षर होते. मुंबईत मजुरी करता करता अक्षरे गिरवली, १९४३ ला पहिले गीत रचले आणि पुढे गावोगाव गात फिरले. २००४ ला ते गेले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बेसी स्मिथ १९३७ ला वारली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगड नव्हता, पण तबकड्यांवर नाव होते. आमची अनेक गीते मात्र वह्यांत आणि ओठांवरच राहिली.

म्हणून बंधुभगिनींनो, आधी कवीचे नाव घ्या, मग गा. वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकांच्या वह्या रद्दीत घालू नका. त्यांचा आवाज आजच मोबाईलमध्ये भरून ठेवा. जयभीम!