विश्लेषण : ब्राझीलचा बॅरेटो भारतात रुजला, महाराष्ट्रातले फुटबॉल क्लब का रुजले नाहीत?

नाशिक रोड : येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये भारतीय पासपोर्ट छापले जातात, तसेच परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर लागणारे व्हिसाचे स्टिकरही. असा व्हिसा घेऊन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक ब्राझिलियन फुटबॉलपटू भारतात आले. हे पेले किंवा नेमार नव्हते. पोटासाठी देशोदेशी क्लब बदलत फिरणारे हे व्यावसायिक. जोसे रामिरेझ बॅरेटो हे त्यातले भारताला सर्वाधिक परिचित नाव. त्याची कारकीर्द पाहिली की महाराष्ट्राच्या फुटबॉलचे दुखणेही कळते.

ब्राझीलचे खेळाडू घर का सोडतात?

जगात सर्वाधिक फुटबॉलपटू परदेशी क्लबांकडे जातात ते ब्राझीलमधून. कारण हौस नाही, पगार आहे. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने 2016 मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत व्यावसायिक खेळाडूंपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना महिन्याला एक हजार रिआलपर्यंतच पगार मिळत होता. तिथल्या किमान वेतनापेक्षा ही रक्कम फार जास्त नाही. त्यात लहान क्लबांचा हंगाम मुख्यतः राज्यस्तरीय स्पर्धेपुरता, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल. ती संपली की अनेकांचा करारही संपतो. मग मलेशिया, आखाती देश, ग्रीस, भारत. जिथून बोलावणे येईल तिकडे जायचे.

बॅरेटोची वाट कशी होती?

1976 मध्ये पोर्तो अलेग्रेत जन्मलेला बॅरेटो 1999 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आला. 1999-2000 आणि 2001-02 मध्ये क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्यात त्याचा मोठा वाटा होता. नंतर तो थोडा काळ मलेशियात खेळला आणि तिथून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये दाखल झाला. 2005-06 मध्ये महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे तो मोहन बागानला परतला. या क्लबसाठी त्याने दोनशेहून अधिक गोल केले. मे 2012 मध्ये मोहन बागानसाठी त्याचा निरोपाचा सामना झाला, तो पुणे एफसीविरुद्ध. निवृत्तीनंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या युवा अकादमीत तो मुलांना शिकवू लागला. भाड्याचा गोलवीर म्हणून आलेला माणूस शिक्षक होऊन महाराष्ट्रात राहिला.

मग क्लबांचे काय झाले?

ज्या महिंद्रा युनायटेडला त्याने विजेतेपद मिळवून दिले, तो संघ 2010 मध्ये बंद झाला. निरोपाच्या सामन्यातला पुणे एफसी आता नाही. 2007 मध्ये सुरू झालेला मुंबई एफसीही दहा वर्षांत गेला. इंडियन सुपर लीगमधला पुणे सिटी 2014 ते 2019 एवढाच टिकला. 2017-18 मध्ये तो उपांत्य फेरीत होता, तरीही. त्या संघातला ब्राझिलियन आघाडीवीर मार्सेलिन्हो 2016 मध्ये दिल्लीकडून 10 गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. पुणे सिटी बंद पडल्यावर तो त्याच जागी आलेल्या हैदराबादकडून खेळला. पुढे हैदराबादवरही पगार थकवल्याने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली.

म्हणजे फिरस्ता म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो खेळाडू टिकतो आणि घर म्हणवणारा क्लब उठून जातो. कारण उघड आहे. यातले बहुतेक संघ एका कंपनीच्या किंवा मूठभर गुंतवणूकदारांच्या मर्जीवर उभे होते. मोहन बागानमागे 1889 पासूनचे सभासद आणि चाहते होते. तसा आधार आपल्याकडे तयारच झाला नाही.

या धंद्यात जोखीम कोणाची?

खेळाडूची. 5 डिसेंबर 2004 रोजी बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर कोसळला आणि दगावला. तो ऐन पंचविशीत होता. धेंपोने सामना जिंकला, त्याचा 10 क्रमांकाचा जर्सीही कायमचा बाजूला ठेवला. मैदानावरची तातडीची वैद्यकीय सोय किती अपुरी होती, हे मात्र त्या दिवशी देशाने पाहिले. परदेशी खेळाडू महाग पडतो अशी तक्रार नेहमी होते; तो किती असुरक्षित असतो, हे क्वचित बोलले जाते.

पगाराबाबत फिफाचा नियम आता स्पष्ट आहे. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी सूचना देऊन 15 दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तरीही पैसे न मिळाल्यास करार मोडू शकतो.

नाशिकच्या मुलांशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. सुपर लीगमध्ये सुरुवातीला मैदानावर एका संघाचे 6 परदेशी खेळाडू चालत. 2017-18 पासून 5 आणि 2021-22 पासून 4 झाले. भारतीयांसाठी जागा वाढल्या. पण सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला निवड चाचणीला जाणाऱ्या मुलाला त्या जागेपर्यंत नेणारे मधले क्लब राज्यात राहिले नाहीत.

दुसरी बाब पैशाची. करार सुरू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर मोबदल्यातील 5 टक्के रक्कम त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटली जावी, असा फिफाचा नियम आहे. ब्राझीलमधल्या लहान क्लबांना याचा आधार होतो. त्यासाठी खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे होता, याची नोंद लागते. या नोंदीचे नावच ‘खेळाडूचा पासपोर्ट’ आहे.

म्हणून पालकांनी अकादमीची फी भरताना एक प्रश्न विचारायलाच हवा : मुलाची नोंद संघटनेच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत झाली आहे का? आणि संघटनेने विचारायला हवा तो असा, की नवा क्लब मालकाचा रस संपल्यावरही टिकेल, याची हमी काय? वर्षभर चालणारी जिल्हा लीग, पगाराची अनामत आणि चाहत्यांचे सभासदत्व, एवढे तरी हवेच. बॅरेटोसारखे शिक्षक महाराष्ट्राला मिळाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुले खेळणार कुठे, याचे उत्तर मात्र ब्राझीलहून येणार नाही. नाशिक रोडला देशाचे पासपोर्ट छापले जातात. इथल्या मुलांच्या फुटबॉलच्या पासपोर्टवरही पहिली नोंद नाशिकच्या क्लबची पडायला हवी.