योद्धा की कर्मचारी?

शब्दाचा अर्थ केवळ कोशात नसतो. तो शब्द कोण, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी वापरतो, यावरही तो ठरतो. २०२० च्या महासाथीत रूढ झालेला ‘आघाडीवरचा योद्धा’ हा शब्दप्रयोग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. १९४८ मध्ये सुरू झालेली तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा कॅरिबियन बेटे, आयर्लंड व भारतीय उपखंडातून आलेल्या परिचारिका आणि डॉक्टर यांच्या श्रमांवर वाढली. मार्च २०२० च्या अखेरीपासून दर गुरुवारी रात्री आठ वाजता नागरिक दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवू लागले. त्याच सुमारास कोरोनाने दगावलेले पहिले दहा डॉक्टर वांशिक अल्पसंख्य समाजांतील होते. डॉक्टरांमध्ये या समाजांचे प्रमाण निम्म्याहून कमी असताना हे घडले. अपुऱ्या संरक्षक साधनांनिशी काम करण्याचा दबाव गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा या डॉक्टरांना अधिक जाणवतो, असे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत दिसले. शिवाय व्हिसावर आलेल्यांना, ज्या सेवेत ते राबत होते तिच्याच वापरासाठी, वेगळा अधिभार भरावा लागे. तो माफ करण्याचा निर्णय मे २०२० मध्ये झाला.

आता ‘योद्धा’ या शब्दाकडे वळू. योद्ध्याचे मरण अपेक्षित आणि गौरवास्पद मानले जाते. त्याचा जाब कोणी विचारत नाही. ‘कर्मचारी’ म्हटले की मात्र मालक येतो, करार येतो, सुरक्षित साधनांचा हक्क येतो. टाळ्यांमागची कृतज्ञता खोटी होती, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला मुखपट्टी मागताना नोकरीची धास्ती वाटते, त्याला पराक्रमाचे विशेषण देणे म्हणजे त्याच्या मौनाला शौर्य ठरवणे होय.

हे दूरदेशीचे म्हणून बाजूला सारू नका. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतून शंभरावर मणिपुरी परिचारिका राजीनामे देऊन घरी परतल्या. चेहरेपट्टीवरून होणारी हेटाळणी हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. त्याच काळात आपणही ‘कोविड योद्धे’ म्हणत थाळ्या वाजवत होतो.

भाषेच्या अभ्यासकाने गौरवाच्या शब्दापाशी थांबू नये. त्या शब्दाने कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे शोधणे हेच त्याचे काम आहे.