विरजण कोणाचे, चव कोणाची?



नुसती ज्वारी विकू नका, तिचे पदार्थ करून विका, असा उपदेश २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून आपल्याला उठता बसता ऐकवला जातो. उपदेश खोटा नाही. पण आंबील बाटलीत भरायची म्हटले की कर्ज आणि यंत्र यांच्याही आधी विरजणाचा प्रश्न येतो.

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला आंबिलीचे बिंदगे शेतात जाते. दहा घरची आंबील दहा चवींची. ज्वारी तीच, मीठ तेच. फरक ताकाचा, भांड्याचा आणि रात्रीच्या थंडीचा. ताकात एका जातीचे जंतू नसतात, जत्राच असते. काही जंतू नुसते लॅक्टिक आम्ल करतात. त्याने सरळ आंबटपणा येतो. काही त्याबरोबर थोडे ॲसिटिक आम्ल, थोडा अल्कोहोल आणि वायू सोडतात. त्याने चव चुणचुणीत होते. ताकाला लोण्याचा वास येतो तो डायअसेटिलचा, आणि तेही ठरावीक जंतूच करतात. आंबील शिजवल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी केलेली बरीचशी चव मागे राहते.

भाज्यांच्या पेयांतही हेच आहे. उत्तरेकडे काळ्या गाजराची कांजी मीठ-मोहरी घालून उन्हात ठेवतात. विरजण लावत नाहीत. गाजरावरचेच जंतू कामाला लागतात. भाजी आंबताना सहसा ल्युकोनोस्टॉक जातीचे जंतू आधी वाढतात. आंबटपणा चढला की ते मागे पडतात आणि प्लांटारम जातीचे पुढे येतात. दोन्ही पाळ्या झाल्या की चव भरते. तुर्कस्तानात अदानाकडे शालगम नावाचे काळ्या गाजराचे पेय करतात. तिथे जुन्या रीतीत आधी गव्हाचे पीठ आंबवतात आणि त्याचे आंबट पाणी गाजरावर घालतात.

पाकिटातले एकाच जंतूचे विरजण टाकले, तर पहिली पाळी जवळजवळ गळते. माल लवकर आंबतो, खराब जंतूंना वाव कमी राहतो, प्रत्येक बाटली सारखी निघते. विकणाऱ्याला हे फायदे मोठे आहेत आणि आम्ही ते नाकारत नाही. तंत्रज्ञानाला भिऊन शेतकऱ्याचे भले होणार नाही. पण चव एकसुरी होते. आपली आंबील आणि शहरातल्या कारखान्याची आंबील एकाच चवीची झाली, की गिऱ्हाईक स्वस्त बाटली उचलणार. त्या लढाईत मोठे भांडवल जिंकते. आपल्याजवळ वेगळे असे भांडवल एकच आहे, ते म्हणजे चव.

शिवाय पाकीट पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागते. संकरित कपाशीचे बी दरसाल विकत घेणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे असे: घरचे विरजण मोडू नका. ज्या बचतगटांना आंबील विकायची आहे, त्यांनी नावाजलेल्या घरांचे ताक कृषी विद्यापीठाकडून तपासून घ्यावे. त्यातले चांगले जंतू वेगळे करून विद्यापीठाने मिश्र विरजण तयार करावे. ते कोणा एकाच्या मालकीचे होऊ नये, मागेल त्या गटाला मिळावे. भांडी मात्र उकळत्या पाण्याने धुतलीच पाहिजेत. परंपरेच्या नावाखाली घाण खपणार नाही.

बी हातचे गेले. विरजण अजून आपल्या घरात आहे. ते राखायचे कसे, हे जिल्हा बैठकीत ठरवू या.