थेंबभर रक्त आणि हातातला फोन

माझ्या खालाच्या हृदयात धातूची झडप आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. घरच्यांनी तो साधा ताप समजला, पण त्यानेच पुढे झडप निकामी केली. ऑपरेशन झाल्यापासून खाला रोज संध्याकाळी एक गोळी घेते. आम्ही तिला ‘खून पतला करने की गोली’ म्हणतो. खरे तर ही गोळी रक्त पातळ करत नाही, ते गोठायला लागणारा वेळ वाढवते.

गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. जास्त झाली तर रक्तस्राव थांबत नाही. म्हणून ‘आयएनआर’ ही तपासणी लागते. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा तो २ ते ३ असावा लागतो. काही झडपांसाठी थोडा जास्त. तो डॉक्टर ठरवतात.

गेल्या वर्षी खालाने तीन महिने तपासणी टाळली. तालुक्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो, एसटीचा खर्च, शिवाय सोबत कुणीतरी हवे. “गोली तो बराबर ले रही हूँ ना!” हे तिचे उत्तर. एका रात्री नाकातून रक्त सुरू झाले ते थांबेचना. दवाखान्यात आकडा ७ च्या वर निघाला. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून तिने आपल्या मनानेच वेदनाशामक गोळ्या आणल्या होत्या, हेही तेव्हाच कळले. अल्लाहचे आभार, ती वाचली.

तेव्हापासून मी या तपासणीविषयी वाचू लागले. बोटातल्या थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे पूर्वीपासून आहेत, पण ती आणि त्यांच्या पट्ट्या महाग पडतात. अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये साधा मार्ग दाखवला. फोनच्या कॅमेऱ्याखाली प्लास्टिकच्या आधारात एक चिमुकली वाटी बसवायची. तिच्यात रक्ताचा एक थेंब, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, रक्त गोठवणारे द्रव्य आणि तांब्याचा बारीक कण. फोन थरथरतो तसा कण हलतो आणि कॅमेरा त्याच्यावर नजर ठेवतो. रक्त गोठू लागले की कण मंदावतो, शेवटी थांबतो. त्याला किती सेकंद लागले यावरून आयएनआर काढतात. थरथर आणि कॅमेरा तर आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेतच! असे साधन उद्या गावच्या आरोग्य केंद्रात आले, तर खालासारख्या कितीतरी बायकांचा दिवस मोडणार नाही आणि तपासणीही चुकणार नाही.

पण तोवर प्रयोगशाळेतली तपासणी टाळू नका. आकडा आणि तारीख वहीत लिहा. पालक-मेथी बंद करू नका, पण एकदम वाढवूही नका. त्यातले ‘के’ जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. दुसरे कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नका. रमजानमध्ये रोजे धरायचे असतील तर गोळीची वेळ आणि तपासणी याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोला. घरात नवी सून ही गोळी घेत असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा, कारण ती गर्भाला अपाय करू शकते.

खालाची वही आता माझी मुलगी लिहिते. तारीख जवळ आली की तीच आठवण करते, “नानी, सोमवारी जायचंय.”