घर आधी, युद्ध नंतर

सॅटर्डे नाईटचा तुमचा प्लॅन काय असतो? पब, मल्टिप्लेक्स, गेलाबाजार सोफ्यावर लोळत एखादी सीरिज? माझे गेले पाच शनिवार एका घराच्या भिंतीवर डाग पाडण्यात गेलेत. घराची रुंदी सतरा सेंटिमीटर. पत्ता, उंब्रिया, मध्य इटली. तारीख, जुलै १९४४.

माझा एक मित्र दिवसभर कोडिंग करतो आणि रात्री १:३५ स्केलचे सैनिक रंगवतो. (१:३५ च का? जपानच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावतील असा आकार धरला. तो निघाला १:३५. जगभरच्या एका छंदाचं माप सेलने ठरवलं, बोला!) त्याचे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले होते. तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. मित्राला नेमकी ती चकमक नव्हती करायची. त्या खोऱ्यातलं, त्या महिन्यातलं एक शेतघर आणि दारात थांबलेले चार मराठे, एवढंच. सैनिक त्याचे, घर माझं. ‘तुला काय, नुसती भिंत तर रंगवायचीय,’ साहेब म्हणाले.

नुसती भिंत!

नेटवर असले डायोरामा बघा. दहातले सात सारखेच दिसतात. करडी भिंत, काळे डाग, खाली विटांचा चुरा, झालं युद्ध. मला त्यात एकच गोष्ट खटकते. बॉम्ब पडायच्या आधी तिथे कुणी राहत होतं असं वाटतच नाही. जणू ते घर पडकंच बांधलं होतं. म्हणून मी ठरवलं, आधी नांदतं घर रंगवायचं. युद्ध शेवटच्या दिवशी.

आता उंब्रियातलं शेतघर म्हणजे काय, तर खाली गोठा, वर माणसं आणि बाहेरून चढणारा दगडी जिना. राहणारे बहुतेक कूळ, पीक मालकाशी अर्ध्या वाट्याने. छपराला अर्धगोल कौलं, थेट आपल्या नळीच्या कौलांची बहीण. एकाच लाल रंगात ती बुडवली की प्लास्टिक दिसतात. म्हणून दर पाच-सहा कौलांमागे एक जरा फिकं, एक जरा जळकट, असं करत बसले. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

भिंत प्लास्टर ऑफ पॅरिसची, दगडांच्या सांधी सुईने कोरलेल्या. आधी चुन्याचा पिवळसर पांढरा हात. मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सोडायचा. त्याला वॉश म्हणतात, तो आपोआप सांधीत उतरतो. मग ब्रश टिश्यूवर पुसून जवळपास कोरडा करायचा आणि फिकट रंग फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. शुद्ध काळ्याला हातही लावायचा नाही, एवढ्या लहान वस्तूवर तो भोकासारखा दिसतो. खिडकीच्या हिरव्या झडपांसाठी तर धमाल युक्ती आहे. आधी लाकडाचा रंग, त्यावर चक्क हेअरस्प्रे, त्यावर हिरवा अॅक्रिलिक. वाळल्यावर ओल्या ब्रशने घासलं की हिरवा पापुद्रा सुटतो आणि खालचं लाकूड डोकावतं. वीस वर्षांचं ऊन पाच मिनिटांत!

डाग मात्र विचार करून. पाणी वरून खाली येतं, त्यामुळे ओघळ खिडकीच्या कोपऱ्यांखालीच. ओल जमिनीपासून वर चढते, तिथलाच गिलावा आधी सुटतो. आणि जिन्याशेजारी माझा लाडका डाग, निळसर हिरवा. तिथे द्राक्षाचा वेल असतो, त्यावर मोरचूद आणि चुन्याची फवारणी होते आणि मागची भिंत निळी पडते. आपले द्राक्षवाले ज्याला बोर्डो म्हणतात, तेच.

शेवटच्या दिवशी युद्ध. इथे माझं एक मत पक्कं झालंय. काळाची खूण गडद असते, युद्धाची फिकी. फुटलेला दगड आतून स्वच्छ असतो, तुटलेली तुळई आतून ताजी पिवळी. म्हणून नव्या भोकांवर वॉश अजिबात नाही. गोळ्यांच्या खुणा भिंतभर शिंपडायच्या नाहीत. मारा खिडकीवर होतो, कारण माणूस तिथे असतो. काजळी खिडकीच्या वरच, पंख्यासारखी फाकत जाणारी. आणि दगडांचा हिशोब! भिंतीला जेवढं खिंडार, तेवढा ढिगारा खाली दिसायलाच हवा. मग रंगीत खडू किसून त्याची पूड पायऱ्यांवर, चौकटींवर, सगळ्या आडव्या जागांवर.

खरं सांगू? पहिलं भोक पाडायला माझा हात धजेना. पाच आठवडे सांभाळलेलं घर होतं ते. मित्र म्हणाला, ‘अगं, प्लास्टर आहे.’ त्याला काय जातंय! त्याने सैनिक रंगवले होते, अंगणावर वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी नाही. शेवटी खिळ्याने एक टोचा मारला. मग हात सरावला. इतक्या पटकन सरावला, याचीच थोडी भीती वाटली.

परवा मित्राचे आजोबा तासगावहून आले. म्हणजे त्या पणजोबांचे चिरंजीव, वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर द्राक्षबाग केलेले. मित्राने कौतुकाने सैनिक दाखवले, पट्ट्यांची बक्कलं दाखवली. आजोबांनी ‘बरं, बरं’ केलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकून भिंत बघत बसले. मग जिन्याशेजारच्या डागावर करंगळी टेकवली.

‘हे मोरचूद हाय का गं, पोरी?’

मी म्हटलं, ‘हो, आजोबा.’

‘मग वेल कुठाय?’

तारेचा सांगाडा कालच वळलाय. बुंध्याला पीळ घालणं चालू आहे, पानं कागदाची. अर्धी खरवडलेली ठेवू की अख्खी, यावरून मित्राशी वाद सुरू आहे.