ग्रामसभेचे दप्तर आणि संगणकाचा परवाना

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा त्या जंगलातील बांबू गावाचा आहे ही गोष्ट सरकारदरबारी कबूल झाली. परंतु तोच बांबू शिवेबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्या दप्तरात राहिल्यामुळे मालकी गावाची आणि मुखत्यारी दुसऱ्याची अशी अवस्था पुढेही टिकली, व २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हाच कागदावरचा हक्क व्यवहारात उतरला. संगणकाविषयी लिहावयास बसलो असता मला त्या पुस्तकाची आठवण होते, कारण संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो तिच्याही बाबतीत खरा प्रश्न परवान्याचाच असतो.

गडचिरोली व चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनी त्यानंतर बांबूबरोबर तेंदूपत्त्याची विक्रीही आपल्या अखत्यारीत घेतली. कोणत्या कुटुंबाने कोणत्या दिवशी किती पुडे आणले, कंत्राटदाराकडून किती रक्कम येणे आहे, मजुरी कोणाच्या खात्यात जमा झाली, कोणता ठराव कोणत्या सभेत झाला, हा सारा जमाखर्च पूर्वी बांधीव वहीत असे. आता तो संगणकात जाऊ लागला आहे. वही विकत घेताना तिचा कागद कोणी पुढे काढून घेईल अशी भीती नसते. संगणकाविषयी मात्र तसा निर्धास्तपणा बाळगता येत नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. काही अटींवर वाढीव मुदत देऊ केली आहे. परंतु नवी विंडोज ११ ही प्रणाली २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे ज्या यंत्राचा पडदा, कळफलक आणि तबकडी यांपैकी काहीही बिघडलेले नाही, ते केवळ मुदत संपली म्हणून बाद ठरते. मुंबई-पुण्याच्या कचेरीस हा खर्च सोसतो. जिच्या तिजोरीत वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या चार आठवड्यांत, पैसा येतो त्या ग्रामसभेने असे यंत्र दर सहा-सात वर्षांनी का बदलावे, या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही विक्रेत्याकडून मिळालेले नाही.

भरवशाचे काम म्हणजे काय, हेही ज्या त्या मुलखावरून ठरावयास हवे. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो; वादळ झाले की वीज जाते, आणि तिच्यामागोमाग मोबाइलचे नेटवर्कही जाते; पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि यंत्र दुरुस्त करणारा माणूस नदीच्या पलीकडे राहतो. एका तालुक्याच्या गावी, भर हंगामात, मजुरीची यादी छापून मिळावी म्हणून मी इतरांबरोबर बसलो होतो. दुपारी गेलेली वीज तासाभराने आली, आणि संगणक सुरू होताच त्याने स्वतःच्या सुधारणा बसविण्यास प्रारंभ केला; पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा सरकेना, कारकुनाने दोनदा हात जोडल्यागत यंत्राकडे पाहिले, आणि पाच-सहा कोसांवरून पायी आलेल्या बाया दिवस मावळताना रिकाम्या हाताने परतल्या. बिघाड कसलाच नव्हता. यंत्र त्याच्या निर्मात्याच्या हुकुमाबरहुकूम चालले होते, एवढेच. दूरच्या हुकुमाने काय घडू शकते हे साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने धाडलेल्या एका सदोष सुधारणेमुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, आणि आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले.

याला पर्याय आहे, आणि तो नवाही नाही. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सवर डेबियन, उबुंटू आदी मुक्त प्रणाली उभ्या आहेत. त्यांचा परवाना विकत घ्यावा लागत नाही, एका पेनड्राइव्हवरून त्या हव्या तितक्या यंत्रांवर बसविता येतात, जुन्या यंत्रास सोसतील असे त्यांचे हलके प्रकार मिळतात, आणि सुधारणा केव्हा करावी हे वापरणाराच ठरवितो. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात, आणि ती मुदत सरली की पुढची आवृत्तीही विनामूल्यच असते. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सिद्ध केली, आणि केरळने तर आपल्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण कित्येक वर्षांपूर्वीच मुक्त प्रणालीवर आणले. तेथील मुले विंडोजवाचून अडली नाहीत.

अडचणी आहेत, आणि त्या लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेले आहे; डिजिटल सहीचे डोंगल आणि काही सरकारी संकेतस्थळे विंडोजवाचून त्रास देतात; स्वस्त प्रिंटर कधी कधी लिनक्सला ओळखत नाही; आणि तालुक्याच्या ठिकाणचा दुरुस्ती करणारा मुलगा ज्या प्रणालीवर शिकला तीच त्यास येते, ही अडचण मला सर्वांत मोठी वाटते. म्हणून निविदा, डिजिटल सही व कराची विवरणपत्रे यांसाठी एक विंडोजचे यंत्र अद्ययावत ठेवावे, यात मला कमीपणा दिसत नाही. परंतु ठराव, हजेरी, पुड्यांची नोंद, मजुरीच्या याद्या, पत्रव्यवहार हे जे रोजचे आणि गावाच्या मालकीचे काम आहे, ते मुक्त प्रणालीवर आणि लिबरऑफिस या लेखन-हिशेबाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीच्या दृष्टीने तर एक गोष्ट प्रणालीहूनही महत्त्वाची आहे. वीस वर्षांपूर्वी विशिष्ट फाँटात टंकलिखित झालेले कितीतरी ठराव आज उघडले असता त्या फाँटावाचून इंग्रजी अक्षरांची रास दिसते. अक्षरे आपली, पण ती वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या कपाटात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही प्रणालीवर वाचता येतो, इनस्क्रिप्टचा कळफलक विंडोजमध्ये आहे तसाच लिनक्समध्येही आहे, आणि जो कारकून एकदा त्यावर लिहावयास शिकला त्यास प्रणाली बदलल्याने पुन्हा शिकावे लागत नाही. वनहक्काचे दावे, सीमांचे वर्णन, वडीलधाऱ्यांनी दिलेल्या साक्षी हे कागद पन्नास वर्षांनीही वाचता आले पाहिजेत. जंगलावरचा हक्क सिद्ध करताना याच मुलखातील माणसांना जुन्या कागदांसाठी किती उंबरठे झिजवावे लागले, हे कोणी विसरू नये.

ग्रामसभांच्या सचिवांना आणि पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. विंडोज १० ची मुदत संपली म्हणून जे यंत्र भंगारात काढण्याचे घाटत असेल, त्याच्या नोंदींची एक प्रत बाजूला काढून घ्यावी, त्यावर मुक्त प्रणाली बसवावी, गावातील दहावी-बारावी झालेल्या दोन मुलामुलींना ती बसविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण द्यावे, आणि येत्या तेंदूच्या हंगामात एका संकलन केंद्राचा हिशेब त्यावर ठेवून पाहावा. शेजारी बांधीव वहीही असू द्यावी.