पत्ता बदलला, पत्रांचं काय?

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या बाईंना गेल्या आठवड्यात संगणक विभागाचा निरोप आला : महिनाअखेर तुमचं ई-मेल खातं बंद होतंय, हवं ते काढून घ्या. कसं काढायचं, याबद्दल अवाक्षर नाही. भाडेकरूला खोली रिकामी करायला सांगतानाही घरमालक याहून जास्त माणुसकी दाखवतो. निवृत्तांशी कचेऱ्या कशा वागतात यावर या सदरात पूर्वीही लिहून झालंय; राग ओसरलेला नाही.

तांत्रिक भाग आधी उरकू. पॉप ही जुनी पद्धत बहुतेक ठिकाणी फक्त इनबॉक्स उचलते. पाठवलेली पत्रं आणि स्वतः केलेले फोल्डर मागेच राहतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला रचलेली आयमॅप सगळे फोल्डर दाखवते. थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये जुनं आणि नवं खातं आयमॅपने जोडायचं आणि इकडचे फोल्डर तिकडे कॉपी करायचे. ‘मूव्ह’ नाही, ‘कॉपी’. मध्येच वीज गेली तरी मूळ प्रत शाबूत राहिली पाहिजे.

शेजारच्या इंजिनिअर मुलाने एका संध्याकाळी हे करून दिलं. ‘काकू, सगळी आली बघा,’ म्हणाला. बाईंनी आधी उघडला तो लेकीचा फोल्डर. लेक २००१ मध्ये शिकायला अमेरिकेत गेली. तिची पत्रं रोमन लिपीतल्या मराठीत. ती नीट वाचता आली. पण बाईंचा आग्रह देवनागरीचा, त्या शिवाजी फॉन्टमध्ये लिहायच्या. त्यांच्या पत्रांच्या जागी आता नुसती रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. लेकीला ताप आला तेव्हा पाठवलेली मुगाच्या खिचडीची कृतीसुद्धा त्यातच कुठेतरी.

पत्रं हलवताना काही बिघडलं नव्हतं. शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांत साठवली जायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. ‘क’ दिसायचा तो फॉन्टच्या जोरावर. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये तिची सोयही झाली. तरी मराठी घरं, कचेऱ्या आणि छापखाने पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालले. आयटीच्या नोकऱ्यांसाठी परदेशी गेलेली मुलं आणि इथे राहिलेले आईवडील यांचा पत्रव्यवहार नेमका त्याच वर्षांतला. त्याआधीची आंतरदेशीय पत्रं ट्रंकेत सापडतात आणि वाचताही येतात. ही पत्रं मात्र डोळ्यांदेखत मुकी होताहेत, आणि मराठीसाठी संमेलनं भरवणाऱ्या संस्थांच्या गावीही हे नाही. हे काम त्यांचं आहे, त्यांनी ते हाती घ्यायला हवं.

बाईंची पत्रं वाचली. शेजारच्या मुलाने शिवाजी फॉन्ट शोधून संगणकावर टाकला, मजकुराला लावला आणि अक्षरं परतली. मग रूपांतर करणाऱ्या साधनाने तो मजकूर युनिकोडमध्ये आणला. ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार बऱ्याच ठिकाणी भलत्या अक्षरावर बसले होते. ते बाईंनी एकेक करून हाताने दुरुस्त केले. खिचडीची कृती आता लेकीच्या फोनवरही वाचता येते.

वाचकांना कळकळीची विनंती : जुनं खातं बंद करण्याआधी पाठवलेल्या आणि आलेल्या पत्रांचे फोल्डर उघडा आणि २०१० पूर्वीची चार-दोन पत्रं वाचून बघा. अक्षरं लागत नसतील, तर ती ज्यांनी लिहिली त्या आईला, वडिलांना, मावशीला आजच फोन करून फॉन्टचं नाव विचारून घ्या.